जुन्या मोटारसायकलीचे वेगातील कंपन : निदान आणि उपाययोजना

मद्रासेत 1955 साली स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडिया कंपनीची बुलेट, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1996 पर्यंत बाहेर पडत राहिलेली येझदी, आणि खेड्यापाड्यांतून दूधवाल्यांपासून शिक्षकांपर्यंत सर्वांची सेवा केलेली राजदूत, या मोटारसायकली ज्या काळात घडल्या त्या काळी आपले बहुतेक रस्ते अरुंद होते, वाटेत गावे होती, गुरे होती, घाटांची अवघड वळणे होती, आणि ताशी पन्नास-साठ किलोमीटरचा वेग हा प्रवासाचा मान्य शिरस्ता होता. आज त्याच गाड्या पुणे-सातारा किंवा मुंबई-नाशिक महामार्गावर येतात, तेव्हा समोरचा रुंद आणि सरळ रस्ता चालकाकडून ऐंशी-नव्वदचा वेग सहज धरवून घेतो. आणि कमी वेगात वर्षानुवर्षे झाकून राहिलेला एखादा यांत्रिक दोष हँडलच्या थरथरीतून, किंवा साऱ्या गाडीच्या डोलण्यातून, एकाएकी उघडकीस येतो.

या विकाराला गॅरेजांतून सरसकट ‘वॉबलिंग’ म्हणतात, आणि त्यावरचे उपायही सरसकटच केले जातात. कोणी हँडलचा नट आवळून देतो, कोणी नवा टायर टाकायला सांगतो, कोणी शॉकॉप्सर बदलतो. पैसा जातो, थरथर मात्र जागच्या जागी राहते. याचे कारण असे, की जुन्या मोटारसायकलीत हे कंपन एकाच मोठ्या बिघाडापोटी क्वचितच जन्माला येते. चार-पाच ठिकाणची थोडी थोडी ढिलाई, जी प्रत्येकी निरुपद्रवी वाटते, ती एकत्र येऊन हा विकार घडवते. म्हणून याचे निदान ठरावीक क्रमाने, एका वेळी एकच गोष्ट तपासून, आणि प्रत्येक तपासणीची नोंद ठेवून केले पाहिजे. तो क्रम वाचकांच्या हाती द्यावा, आणि रस्त्यावर हा प्रसंग ओढवला असता काय करावे व काय कटाक्षाने टाळावे हे स्पष्ट सांगावे, एवढ्यासाठी हा लेख आहे.

दोन भिन्न विकार

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की ज्याला आपण एकाच नावाने ओळखतो ते वास्तविक दोन वेगळे विकार आहेत. रॉबिन शार्प या ब्रिटिश संशोधकाने 1971 साली मोटारसायकलीच्या स्थैर्याचे जे गणित प्रसिद्ध केले, त्यात या दोन आंदोलनांना ‘वॉबल’ आणि ‘वीव्ह’ अशी स्वतंत्र नावे दिलेली असून त्यांची कारणेही वेगळी दाखवली आहेत. वॉबलमध्ये केवळ पुढचे चाक, चिमटे आणि हँडल हा भाग मानेच्या, म्हणजे हँडल ज्यात फिरते त्या नळीच्या, आसाभोवती डावी-उजवीकडे वेगाने थरथरतो; त्याची गती सेकंदाला सुमारे सहा ते दहा आवर्तने इतकी असते, आणि गाडीचा मागचा भाग त्या वेळी जवळजवळ स्थिर असतो. वीव्हमध्ये याउलट सारी गाडी चालकासह मंद पण बलवान झोल खाते. मागचा भाग एका बाजूस सरकतो, गाडी दुसऱ्या बाजूस कलते, आणि सेकंदाला दोन ते चार वेळा हा क्रम पुनरावृत्त होतो.

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही; तपासाची दिशा त्यावरून ठरते. हँडल हातातल्या हातात जलद लटलटत असेल, ते विशिष्ट वेगाच्या पट्ट्यातच होत असेल, आणि तो पट्टा ओलांडल्यावर किंवा त्याखाली उतरल्यावर थांबत असेल, तर संशय पुढच्या चाकावर, पुढच्या टायरवर आणि मानेच्या बेअरिंगवर प्रथम घ्यावा. एखाद्या वेगमर्यादेनंतर गाडी मागून डोलू लागत असेल, वेग वाढेल तसे ते डोलणे वाढत असेल, आणि लांब वळणावर किंवा मोठ्या ट्रकच्या वाऱ्याच्या झोतात ते विशेष जाणवत असेल, तर मागचा टायर, मागचा चिमटा, शॉकॉप्सर, चाकांची समरेषा आणि मागे लादलेले सामान यांकडे वळावे. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यावर लांबीच्या दिशेने कोरलेल्या बारीक खाचांमुळे पुढचे चाक किंचित इकडेतिकडे ओढले जाते, तो मात्र रस्त्याचा गुण आहे. डांबरी रस्त्यावर येताच ते थांबत असेल तर गाडीला दोष देऊ नये.

कंपन का उत्पन्न होते

पुढच्या चाकाचा रस्त्याला टेकलेला बिंदू हा मानेचा तिरपा आस जमिनीपर्यंत लांबवला असता जेथे टेकेल त्याच्या थोडा मागे असतो. या मागे असण्यामुळेच चाक वाकडे झाले तरी रस्ता त्याला ओढून पुन्हा सरळ करतो, आणि सरळ रस्त्यावर गाडी आपली दिशा आपणच राखते. परंतु हीच सरळ करणारी शक्ती चाकाला मध्यावर आणून सोडत नाही. ती त्याला किंचित पलीकडे नेते, तेथून पुन्हा अलीकडे आणते. रुग्णालयातील औषधांच्या ढकलगाडीचे लहान पुढचे चाक गाडी जोरात ढकलली की फडफडू लागते, त्यामागचे तत्त्व हेच. मोटारसायकलीत ही ये-जा टायरच्या रबराने, मानेतील ग्रीसच्या रोधाने आणि चालकाच्या हातांनी शोषली जाते, आणि शोषण पुरेसे असेपर्यंत चालकाला तिची वार्ताही लागत नाही. शोषण घटले, किंवा बाहेरून मिळणारा धक्का त्याच लयीत येऊ लागला, की थरथर टिकते आणि वाढते.

हा लयीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. जुन्या बुलेटच्या 3.25-19 मापाच्या टायरचा घेर साधारण दोन मीटर भरतो. ताशी साठ किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे सोळा-सतरा मीटर अंतर कापते, म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ आठ फेरे घेते. आणि हँडलच्या स्वाभाविक थरथरीची गतीही याच आसपास असते. म्हणून रिममध्ये थोडा ‘आऊट’, म्हणजे वाकडेपणा, असला, टायर एका जागी नीट बसलेला नसला, किंवा चाकाचे वजन एका बाजूला जास्त असले, तर प्रत्येक फेऱ्यागणिक बसणारा तो क्षुद्र धक्का पंचावन्न ते सत्तरच्या दरम्यान हँडलला अचूक त्याच्या लयीत हलवतो. अनेक जुन्या गाड्या नेमक्या याच वेगात, आणि विशेषतः अॅक्सिलरेटर सोडून गाडी मंदावताना का थरथरतात, याचा उलगडा येथे होतो.

प्रसंग ओढवल्यास

धावत्या गाडीचे हँडल अकस्मात थरथरू लागले असता मनुष्याची पहिली प्रेरणा ते घट्ट आवळून धरण्याची, अॅक्सिलरेटर एकदम सोडण्याची आणि पुढचा ब्रेक दाबण्याची असते. आणि तिन्ही गोष्टी घातक आहेत. हँडल सेकंदाला आठ वेळा हलत असता एक हेलकावा सेकंदाच्या आठव्या भागात पुरा होतो, तर धोका जाणवून हाताने प्रत्युत्तर देण्यास त्याच्या दुपटीहून अधिक वेळ जातो. म्हणजे चालकाने थरथरीविरुद्ध दिलेला प्रत्येक धक्का उशिरा पोहोचतो, आणि पुष्कळदा तो थरथरीच्या दिशेनेच पडून तिला बळ देतो. पुढचा ब्रेक दाबल्याने सारा भार आधीच अस्थिर झालेल्या पुढच्या चाकावर कोसळतो.

म्हणून या प्रसंगी कमीत कमी हालचाल करावी, हाच नियम आहे. हँडल सोडू नये, पण आवळूही नये. तळवे टेकलेले, कोपरे सैल आणि खांदे उतरलेले असावेत, म्हणजे हातांचे मांसल वजन कंपन शोषील, पण त्याच्याशी झुंजणार नाही. दोन्ही गुडघ्यांनी पेट्रोलची टाकी घट्ट धरावी आणि शरीराचा तोल हँडलवर न टाकता गाडीच्या सांगाड्यावर टाकावा. छाती थोडी पुढे आणि खाली न्यावी. अॅक्सिलरेटर हळूहळू, एकसारख्या गतीने कमी करावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. दृष्टी हँडलवर न खिळवता दूरवरच्या रस्त्यावर ठेवावी. ‘वेग वाढवला की थरथर जाते’ असा सल्ला काही अनुभवी चालकही देतात. पट्टा ओलांडला की वॉबल थांबते हे काही गाड्यांत खरे असले, तरी तोच उपाय वीव्हच्या प्रसंगी केल्यास झोल वाढून गाडी हातची जाते, आणि त्या क्षणी दोहोंतील भेद ओळखण्याइतकी सवड कोणासही नसते. सबब वेग कमी करणे हाच सर्व प्रसंगी निर्धास्त मार्ग होय.

मागे बसणाऱ्यास निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे, की गाडी डोलू लागली तर त्याने स्तब्ध राहावे, चालकाला खांद्यांशी धरून मागे ओढू नये, आणि तोल सावरण्यासाठी बाजूला झुकू नये. गाडी कडेला थांबल्यावर दोन्ही टायर हाताने दाबून पाहावेत, कारण ट्यूबमधील हवा हळूहळू उतरत असणे हे अकस्मात आलेल्या डोलण्याचे सर्वांत सामान्य कारण असते. हवा ठीक असेल तर पुढील प्रवास, कारण सापडेपर्यंत, पन्नासच्या आतच करावा.

तपासाचा क्रम

हा क्रम मुद्दाम अशा रीतीने लावला आहे की ज्या तपासणीस खर्च नाही ती आधी यावी आणि सांगाडा उघडण्याची वेळ शेवटी यावी.

पहिली तपासणी हवेची. पेट्रोल पंपावरील मापकावर विसंबू नये. स्वतःचे लहान मापक बाळगावे, आणि सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना दाब मोजावा. गाडीच्या पुस्तिकेत एकट्या चालकासाठी आणि जोडीने बसण्यासाठी वेगळे दाब दिलेले असतात. ते दोन्ही आकडे टाकीखाली किंवा साइड पॅनेलच्या आत लिहून ठेवावेत. मागच्या टायरमध्ये हवा कमी असणे आणि मागे माणूस व सामान असणे, हा संयोग वीव्हला उघड आमंत्रण देतो.

दुसरी तपासणी टायरची. त्याची नक्षी किती उरली आहे एवढेच पाहून भागत नाही. टायरच्या बाजूवर जो चार अंकी छाप असतो त्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दर्शवतात. 2319 याचा अर्थ 2019 सालचा तेविसावा आठवडा. जुन्या गाड्या थोड्याच धावत असल्यामुळे त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, रबर कडक होते, बाजूला बारीक भेगा पडतात, आणि कंपन शोषण्याचा त्यांचा गुण नाहीसा होतो. सरळ महामार्गावर सतत चाललेला मागचा टायर मध्यभागी झिजून सपाट होतो. अशा टायरवर गाडी कलताना अडखळते आणि डोलते. रिमच्या कडेला समांतर जी बारीक रेषा टायरवर असते ती सर्व बाजूंनी सारख्या अंतरावर दिसते का, हेही पाहावे. एका जागी ती रिममध्ये बुडालेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, आणि पंक्चर काढल्यानंतर उद्भवलेल्या थरथरीचे मूळ बहुधा येथेच सापडते. शोभेसाठी मूळ मापाहून जाड टायर पुढे बसवण्याची जी प्रथा पडली आहे ती तर सर्वथा त्याज्य आहे.

तिसरी तपासणी चाकाची. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक उचलावे, चिमट्याला एक तार बांधून तिचे टोक रिमच्या अगदी जवळ आणावे आणि चाक सावकाश फिरवावे. तारेपासूनचे अंतर बाजूने किंवा वरखाली दोन मिलिमीटरपेक्षा अधिक बदलत असेल तर आऊट काढून घेणे आवश्यक आहे. त्यानंतर प्रत्येक स्पोकवर पान्याने हलका ठोका द्यावा. ताणलेला स्पोक खणखणीत वाजतो आणि ढिला स्पोक बद्द आवाज करतो. चाक दोन्ही हातांनी समोरासमोरच्या कडांवर धरून आडवे हलवावे. खुटखुट जाणवल्यास चाकाचे बेअरिंग बाद समजावे. शेवटी चाक मोकळे फिरू द्यावे, आणि ते दरवेळी एकाच जागी खाली येऊन थांबत असेल तर त्याचे संतुलन करून घ्यावे.

चौथी तपासणी मानेच्या बेअरिंगची, आणि जुन्या गाड्यांत सर्वाधिक अपराधी ठरणारा भाग हाच असल्यामुळे येथे घाई करू नये. बुलेट आणि येझदीच्या मानेत वर आणि खाली कोनसेट असून त्यांत सुटे छर्रे असतात. पुढचे चाक अधांतरी असताना चिमट्यांची खालची टोके धरून पुढेमागे ओढावीत. मानेशी दुसऱ्या कोणाचे बोट ठेवले असता त्याला सूक्ष्म टकटक जाणवली तर कोनसेट ढिला आहे. नंतर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अतिशय सावकाश वळवावे. ते सरळ स्थितीत आल्यावर एखाद्या खाचेत बसल्यासारखे क्षणभर अडत असेल, तर वर्षानुवर्षे खड्ड्यांतून बसलेल्या आघातांनी छर्‍यांनी कपात खळगे पाडले आहेत असे निश्चित समजावे. असा कोनसेट आवळून सुधारत नाही. तो आवळल्यास हँडल खाचेत अधिकच रुतते. छर्रे तेवढे बदलून कप जुनेच ठेवण्याचीही तजवीज करू नये. वरखालचा संपूर्ण संच नवा घालावा आणि ग्रीस भरपूर भरावे.

जुळणी करताना नट इतकाच आवळावा की टकटक पूर्ण जाईल, परंतु अधांतरी चाकाला बोटाने किंचित स्पर्श करताच ते स्वतःच्या वजनाने पूर्ण एका बाजूला झुकेल. नट जास्त आवळला गेला तर वेगळाच उपद्रव सुरू होतो: हँडल जड होते, चालकाला सतत डावे-उजवे सावरत राहावे लागते, आणि कमी वेगातही गाडी लहरत चालते. नवे कप मानेत बसताना थोडे दबतात, म्हणून सुमारे पाचशे किलोमीटर धावल्यावर हीच जुळणी पुन्हा एकदा तपासावी. छर्‍यांऐवजी टेपर रोलर बेअरिंग बसवल्यास आयुष्य वाढते हे खरे; परंतु त्याचीही जुळणी इतक्याच नाजुकपणे करावी लागते, हे विसरू नये.

पाचवी तपासणी पुढच्या चिमट्यांची. दोन्ही नळ्यांत तेल सारख्या प्रमाणात आणि एकाच जातीचे आहे का, एका बाजूचे ऑइल सील गळते का, नळ्या एकमेकींना समांतर आहेत का, हे पाहावे. लहानशा अपघातानंतर नळी किंचित वाकलेली असली तर बाहेरून दिसत नाही. ती उतरवून सपाट काचेवर फिरवली असता तिचा वाक उघड होतो. पुढच्या मडगार्डाचे सळईवजा आधार केवळ शोभेचे नाहीत. दोन्ही नळ्यांना एकत्र बांधून ठेवण्याचे काम ते करतात. मडगार्ड कापून टाकलेल्या किंवा त्याचे नटबोल्ट हरवलेल्या गाडीचा पुढचा भाग वेगात पिळला जातो.

सहावी तपासणी मागच्या चिमट्याची आणि शॉकॉप्सरची. मागचे चाक उचलून, चाकाचा मागचा भाग धरून, डावी-उजवीकडे जोराने ढकलावा, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताचा अंगठा चिमट्याच्या सांध्यावर ठेवावा. तेथे हालचाल जाणवली तर बुश झिजले आहेत, आणि मागचे चाक चालकाच्या परवानगीवाचून गाडीला वळवीत आहे, असे समजावे. वीव्हचे हे अत्यंत सामान्य कारण आहे, आणि पुढचा भाग बदलून थकलेल्या मालकांना ते शेवटी सापडते. दोन्ही शॉकॉप्सर एकाच जोडीचे असावेत, त्यांचे स्प्रिंग एकाच घरावर लावलेले असावेत, आणि आसन दाबून सोडले असता गाडीने एकदा वर येऊन स्थिर व्हावे. ती दोन-तीनदा उसळत असेल तर त्यांतील तेल संपले आहे.

सातवी तपासणी समरेषेची. चेन ताणताना मागच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंचे समायोजक सारखे मागे नेले तरी ते झिजलेले असतील तर चाक तिरपे बसते. म्हणून समायोजकांच्या खुणांवर विश्वास न ठेवता दोरी लावून पाहावे. मागच्या टायरच्या पाठीमागून एक लांब दोरी घेऊन तिची दोन्ही टोके जमिनीपासून समान उंचीवर पुढे ताणावीत. जुन्या बुलेटला दोन्ही चाकांचे टायर एकाच मापाचे असल्यामुळे, हँडल सरळ असता प्रत्येक बाजूची दोरी दोन्ही टायरांच्या पुढच्या-मागच्या कडांना एकसारखी स्पर्श करील. जेथे पुढचा टायर अरुंद आहे तेथे त्याच्या दोन्ही बाजूंचे अंतर समान राहील. मागचे चाक सरळ करूनही हे अंतर जुळत नसेल तर रिम मध्यावरून सरकवून बांधलेले असेल, नाहीतर सांगाडाच वाकला असेल.

आठवी तपासणी इंजिनाच्या बांधणीची, आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. जुन्या बुलेटच्या सांगाड्याची समोरची नळी इंजिनापर्यंत येऊन थांबते. तेथून मागपर्यंतची साखळी इंजिन आणि गिअरबॉक्स यांनीच पुरी केलेली असते. म्हणजे इंजिन हा त्या सांगाड्याचा एक भार वाहणारा अवयव आहे, आणि त्याला धरणारे बोल्ट ढिले असतील तर सांगाडाच ढिला आहे. हे सर्व बोल्ट, वरचा सिलिंडरजवळचा आधार धरून, पान्याने तपासावेत. सांगाड्यावर, विशेषतः मानेच्या सांध्याजवळ, रंगाला बारीक केसासारखी भेग दिसली तर रंग खरवडून खालचा धातू पाहावा, आणि चीर असल्याची खात्री झाल्यास गाडी त्या क्षणापासून बंद ठेवावी.

सामान, काच आणि डॅम्पर

गाडीत काहीही दोष नसताना केवळ भार चुकीच्या जागी लादल्याने डोलणे सुरू होऊ शकते. लेह-लडाखच्या किंवा कोकण-गोव्याच्या प्रवासासाठी मागच्या एक्सलच्याही मागे उंच कॅरिअर लावून त्यावर पेटी, तंबू आणि पेट्रोलचे डबे रचले जातात; त्यामुळे पुढच्या चाकावरील भार घटतो आणि मागचे वजन लोलकासारखे आंदोलन घडवते. जड वस्तू शक्य तितक्या खाली, पुढे आणि दोन्ही बाजूंना समतोल बांधाव्यात, आणि कॅरिअर सांगाड्याला पक्के जोडलेले असावे. हँडलवर बसवलेली मोठी काच वाऱ्याचा दाब थेट हँडलवर आणते. थरथर सुरू असलेल्या गाडीची काच प्रथम उतरवून पाहावी, कारण ही तपासणी फुकटची आहे.

काही जुन्या मोटारसायकलींच्या मानेवर हाताने आवळण्याचा घर्षणाचा स्टिअरिंग डॅम्पर असे, आणि आज बाजारात तेलाचे डॅम्परही मिळतात. हा डॅम्पर वॉबल दाबतो यात शंका नाही. परंतु अधिक वेगात तो वीव्ह वाढवू शकतो, हेही शार्प यांच्या अभ्यासातून सिद्ध झालेले आहे. शिवाय खळगे पडलेला कोनसेट किंवा झिजलेले बुश डॅम्परने बरे होत नाहीत, फक्त त्यांची तक्रार ऐकू येईनाशी होते. म्हणून वरील आठही तपासण्या पुऱ्या झाल्याशिवाय त्याचा विचारही करू नये.

चाचणी आणि नोंद

दुरुस्तीनंतरची चाचणी पहाटेच्या मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर, एकट्याने, सामानाविना आणि हेल्मेट व जाड जाकीट घालूनच करावी. चाळीसपासून आरंभ करून दहा-दहाच्या टप्प्याने वेग वाढवावा, प्रत्येक टप्प्यावर काही अंतर स्थिर जावे, आणि हँडलवरची पकड किंचित सैल करून थरथर जाणवते का ते पाहावे. दोन्ही हात सोडून पाहण्याची जी पद्धत अनेकांना परिचित आहे ती पूर्ण वर्ज्य समजावी. हातांचे शोषण काढून घेताच निर्दोष वाटणारी गाडीही पंचावन्न ते सत्तरच्या वेगपट्ट्यात बेफाम थरथरू शकते, आणि तिथून ती पुन्हा हाती येईलच याचा भरवसा नसतो. थरथर कोणत्या वेगात सुरू झाली, कोणत्या वेगात थांबली, वेग वाढताना की उतरताना आली, एकट्याने की जोडीने, हे सर्व वहीत लिहावे. एका खेपेस एकच दुरुस्ती करून पुन्हा चाचणी घ्यावी. तीन भाग एकदम बदलले तर दोष कशात होता याचा फैसला कधीच होत नाही, आणि तो पुन्हा उद्भवला असता तपास पहिल्यापासून करावा लागतो.

ही वही मेस्त्रीपुढे ठेवली असता त्याचेही काम सुकर होते. ‘गाडी वॉबलिंग करते’ एवढ्या एका वाक्यावर कितीही कुशल कारागीर अंदाजच बांधणार. परंतु ‘पासष्टवर हँडल लटलटते, पंचाहत्तरला थांबते, रिमचा आऊट काढला, फरक पडला नाही’ अशी कैफियत ऐकली की तो थेट कोनसेटकडे वळतो.

सर्व तपासणी यथासांग होऊन गाडी निर्दोष ठरल्यानंतरही एक मर्यादा उरते. साडेतीनशे सीसीची, ड्रम ब्रेकची, अरुंद टायरांची आणि तीस वर्षे वयाची मोटारसायकल ऐंशीच्या आतबाहेर दिवसभर समाधानाने धावावी, याहून अधिक अपेक्षा तिच्याकडून ठेवणे रास्त नाही. थरथर गेली याचा अर्थ ब्रेकची ताकद वाढली असा होत नाही. आणि ज्यांना कारण सापडूनही दुरुस्ती करणे परवडत नसेल, किंवा ज्यांना अशी गाडी विकून टाकायची असेल, त्यांना एकच आग्रहाची विनंती आहे: घेणाऱ्यास हा दोष स्पष्ट शब्दांत सांगा, शक्य तर वहीसकट गाडी त्याच्या स्वाधीन करा. कारण ठाऊक असलेला दोष लपवून विकलेल्या गाडीवर उद्या कोणीतरी आपल्या मुलाला मागे बसवून महामार्गावर जाणार आहे.